अश्वगंधा, शतावरी, मेथी: स्त्रियांची कामेच्छा 'नैसर्गिकरीत्या' वाढवण्याच्या दाव्यांमागे पुरावा किती?

रात्रीची भांडी घासून, मुलांना झोपवून फोन हातात घेतला की रील्सच्या मधोमध ती जाहिरात हमखास येते. गुलाबी-जांभळी डबी, शतावरीच्या मुळांचं चित्र आणि एक टवटवीत तरुणी. सारखा थकवा येतो, चिडचिड होते, नवऱ्याच्या जवळ जावंसं वाटत नाही, कारण हार्मोन्स बिघडलेत, असं ती सांगते. उपाय डबीत आहे, शंभर टक्के नैसर्गिक आहे आणि आज घेतला तर दुसरी डबी फुकट आहे.

जाहिरात नीट ऐकली तर एक गंमत लक्षात येते. कामेच्छा वाढेल, असं ती कुठेच स्पष्ट म्हणत नाही. 'एनर्जी', 'मूड', 'बॅलन्स', 'जवळीक' असे शब्द येतात आणि बाकीचं काम डोळ्यांच्या इशाऱ्यावर सोडलेलं असतं. हा संकोच नसतो. त्याला एका जुन्या कायद्याचं कारण आहे, त्याकडे पुढे येऊच. आधी प्रश्न असा की, त्या डबीतल्या वनस्पतींचा खरोखर काही उपयोग होतो का?

इच्छा 'कमी' आहे हे ठरवायचं कुणी?

अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या सर्वेक्षणात ३१ हजारांहून जास्त महिलांना त्यांच्या लैंगिक आयुष्याबद्दल विचारलं गेलं. सुमारे ३९ टक्के महिलांनी आपली इच्छा कमी असल्याचं सांगितलं. पण इच्छा कमी आहे आणि त्याचा आपल्याला त्रासही होतो, असं सांगणाऱ्या महिला होत्या सुमारे १० टक्के. म्हणजे इच्छा कमी असलेल्या चारपैकी जवळपास तिघींना ते खटकतच नव्हतं.

डॉक्टरांच्या लेखी हा फरक फार महत्त्वाचा आहे. मानसिक आजारांचं निदान करण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकन नियमावलीच्या २०१३ च्या आवृत्तीत स्त्रियांमधली इच्छा आणि उत्तेजना यांच्या तक्रारी एकाच निदानाखाली आणल्या गेल्या. तक्रार किमान सहा महिने टिकलेली हवी आणि त्या स्त्रीला स्वतःला तिचा लक्षणीय त्रास होत असायला हवा, अशी अट त्यात आहे. नवऱ्याला वाटतं म्हणून, किंवा लग्नाला सहा महिने झाले तरी 'तसं काही वाटत नाही' असं मैत्रिणींशी ताडून पाहिलं म्हणून, हे निदान होत नाही. नवऱ्याची इच्छा जास्त आणि बायकोची त्यामानाने कमी, एवढ्यावरून तर नाहीच.

दुसरी गोष्ट सिनेमांनी आपल्या डोक्यात पक्की बसवलेली आहे. आधी इच्छा होते, मग शरीर तयार होतं, हा क्रम सगळ्यांना लागू होतो असं मानलं जातं. कॅनडातल्या डॉक्टर रोझमेरी बॅसन यांनी २००० साली वेगळी मांडणी केली. दीर्घकाळ एकत्र राहणाऱ्या अनेक स्त्रियांमध्ये इच्छा आधी नसतेच. निवांतपणा, स्पर्श, आपुलकी मिळाली की शरीर प्रतिसाद देतं आणि इच्छा त्यानंतर जागी होते. अशा स्त्रीला दिवसभरात मनात काही आलं नाही, तर त्यात बिघाड काहीच नाही. जाहिरातीला मात्र याच स्त्रीला 'तुमच्यात काहीतरी कमी आहे' असं पटवायचं असतं.

अश्वगंधेच्या चाचणीत काय आढळलं?

या बाजारातलं सगळ्यात मोठं नाव अश्वगंधा. तिच्या बाबतीत बोट दाखवावं असा एक अभ्यास आहे आणि तो आपल्याकडचाच, ठाणे-नवी मुंबईतल्या संशोधकांचा आहे. २०१५ साली तो प्रसिद्ध झाला. लैंगिक तक्रारी असलेल्या ५० महिलांचे दोन गट केले गेले. एका गटाला अश्वगंधेच्या मुळाच्या अर्काची ३०० मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून दोनदा, आणि दुसऱ्या गटाला दिसायला तशीच पण औषध नसलेली कॅप्सूल. आठ आठवड्यांनी प्रश्नावलीचे गुण मोजले, तेव्हा अश्वगंधेचा गट पुढे होता.

इथपर्यंत जाहिरात आणि अभ्यास हातात हात घालून चालतात. पण गुण कुठे वाढले ते पाहायला हवं. उत्तेजना, ओलावा, लैंगिक सुखाचा परमोच्च क्षण आणि समाधान या रकान्यांमधली वाढ संशोधकांनी सारांशात ठळकपणे नोंदवली आहे. 'इच्छा' हा रकाना त्या यादीत नाही. ज्या गोष्टीसाठी डबी विकत घेतली जाते, नेमकी तीच. शिवाय ५० महिला म्हणजे प्रत्येक गटात जेमतेम २५, आणि कालावधी दोन महिने. संशोधकांनी स्वतः शीर्षकातच याला प्राथमिक स्वरूपाचा अभ्यास म्हटलं आहे. २०२२ मध्ये ८० महिलांवरचा आणखी एक भारतीय अभ्यास आला, त्याचेही निष्कर्ष अनुकूल आहेत. तोही आठ आठवड्यांचाच. अश्वगंधेत काहीच नाही, असं यावरून म्हणता येत नाही. आशा वाटावी इतकं आहे, खात्री द्यावी इतकं नाही.

मेथीची गोष्टही साधारण अशीच. ऑस्ट्रेलियात ८० महिलांवरच्या चाचणीत एका गटाला दोन मासिक चक्रं होईपर्यंत मेथीदाण्यांचा अर्क रोज ६०० मिलिग्रॅम दिला गेला. २०१५ च्या त्या अभ्यासात इच्छा आणि उत्तेजना दोन्ही वाढल्याचं आढळलं. पण तो एका कंपनीचा विशिष्ट पद्धतीने काढलेला अर्क होता. घरातल्या मेथीच्या लाडवात किंवा रात्री भिजवून सकाळी खाल्लेल्या चमचाभर दाण्यांत तेवढे आणि तेच घटक उतरतात, असं या अभ्यासावरून म्हणता येत नाही. मेथीचे लाडू खाऊ नयेत असं कुणी म्हणणार नाही, पण ते लाडू म्हणून खावेत.

गोखरू, म्हणजे माळरानावर पायात रुततो तो सराटा. त्यावर इराण आणि ब्राझीलमध्ये छोटे अभ्यास झाले, काहींत फायदा दिसला. इराणच्या अभ्यासात ६७ महिला होत्या आणि कालावधी होता अवघ्या चार आठवड्यांचा. केशराचा एक अभ्यास वेगळ्या कारणासाठी रंजक आहे. नैराश्यावरच्या गोळ्यांमुळे लैंगिक तक्रारी सुरू झालेल्या ३८ महिलांवरच्या चाचणीत एका गटाला रोज ३० मिलिग्रॅम केशर दिलं गेलं. उत्तेजना, ओलावा आणि वेदना यांत सुधारणा झाली. इच्छेत झाली नाही. पेरूच्या डोंगरात उगवणारं माका नावाचं कंद सध्या ऑनलाइन दुकानांत महाग विकलं जातं, त्याच्या बाजूनेही काही छोट्या चाचण्यांपलीकडे फारसं काही नाही. आणि जिचं चित्र जवळपास प्रत्येक डबीवर असतं, त्या शतावरीच्या बाबतीत तर कामेच्छेसाठी म्हणून झालेला भक्कम अभ्यास हाताशी नाही. बाळंतिणीला दूध येण्यासाठी शतावरी कल्प देण्याची पद्धत घरोघरी आहे. त्या विश्वासाच्या जोरावर ती इथेही खपते.

मग इतक्या जणी 'मला फरक पडला' असं का सांगतात?

कारण अनेकींना खरोखर फरक पडतो. त्या खोटं बोलत नसतात. प्रश्न एवढाच की, तो फरक कशामुळे पडला.

गिंको नावाच्या झाडाच्या पानांची कहाणी यासाठी सांगण्यासारखी आहे. १९९८ मध्ये नैराश्याच्या गोळ्या घेणाऱ्या ३३ स्त्रियांना आणि ३० पुरुषांना गिंकोचा अर्क दिला गेला. ९१ टक्के स्त्रियांना फायदा झाल्याची नोंद झाली. आकडा ऐकूनच डोळे विस्फारतात. पण त्या अभ्यासात तुलनेसाठी खोटी गोळी दिलेला गटच नव्हता. आपल्याला औषध मिळतंय हे सगळ्यांना माहीत होतं. दहा वर्षांनी, २००८ मध्ये, अमेरिकेत तशी तुलना करून पाहिली गेली, तेव्हा गिंको एकटंच घेतलेल्या महिलांची अवस्था खोटी गोळी घेतलेल्यांपेक्षा वेगळी निघाली नाही. गिंकोला लैंगिक समुपदेशनाची जोड दिली, त्या गटात मात्र इच्छा वाढली.

खोट्या गोळीचा परिणाम या क्षेत्रात विशेष मोठा असतो. २०११ मध्ये संशोधकांनी एका औषधचाचणीतल्या फक्त खोटी गोळी घेतलेल्या ५० महिलांच्या नोंदी तपासल्या. बारा आठवड्यांत त्यांच्यातल्या सुमारे एकतृतीयांश महिलांमध्ये ठळक सुधारणा झाली होती. गोळीत काहीच नव्हतं. पण चाचणीत भाग घेतल्यामुळे त्या या विषयावर कुणाशी तरी बोलल्या होत्या, जोडीदाराला विषय कळला होता, शरीराकडे लक्ष गेलं होतं. वर्षानुवर्षं मुक्याने सहन केलेली गोष्ट उघड झाली होती. डबी घरी आल्यावरही थोड्याफार प्रमाणात हेच घडत असणार.

यात डॉक्टरी औषधांनाही फार मिरवण्यासारखं नाही. २०१५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने 'फ्लिबानसेरिन' ही गोळी मंजूर केली, तेव्हा 'स्त्रियांची व्हायग्रा' म्हणून मोठा गाजावाजा झाला. त्याआधी ती दोनदा नाकारली गेली होती. पुढच्या वर्षी आठ अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला गेला. खोट्या गोळीच्या तुलनेत समाधानकारक संबंधांची संख्या महिन्याला सरासरी अर्ध्याने वाढली होती. म्हणजे रोज गोळी घ्यायची, चक्कर आणि झोपाळूपणा सोसायचा, दारूबाबत सावध राहायचं, आणि दोन महिन्यांत एक जादा चांगला अनुभव.

आयुर्वेदात हे हजारो वर्षांपासून आहे ना?

आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी वाजीकरण हे एक, हे खरं. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात रसायनानंतर लगेच वाजीकरणाचा अध्याय येतो. पण तो अध्याय प्रामुख्याने पुरुषासाठी आहे. त्याचं बळ, त्याचं शुक्र, त्याला होणारी संतती. स्त्री तिथे येते ती पुरुषाला उत्तेजित करणारं सर्वोत्तम वाजीकरण म्हणून. तिची स्वतःची इच्छा कमी झाली तर काय, हा प्रश्न त्या अध्यायाच्या केंद्रस्थानी नाही. त्यामुळे 'स्त्रियांच्या कामेच्छेसाठी प्राचीन नुस्खा' असं डबीवर छापलेलं असेल, तर त्यातला 'प्राचीन' हा शब्द जपून वाचायला हवा.

नैसर्गिक आहे, तर अपाय तरी काय होणार?

अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांमध्ये नोंदवल्या गेल्या आहेत. अशा घटना विरळ आहेत आणि बहुतेक रुग्ण अश्वगंधा थांबवल्यावर बरे झाले, पण कावीळ झाल्यावर 'मी तर फक्त आयुर्वेदिक घेते' असं म्हणून डॉक्टरांपासून ती लपवली गेली तर निदान लांबतं. डेन्मार्कने २०२३ मध्ये पूरक आहारात अश्वगंधा वापरण्यावर बंदी घातली. थायरॉईडवर, झोपेच्या गोळ्यांवर, मधुमेहाच्या औषधांवर तिचा परिणाम होऊ शकतो. गरोदरपणात ती टाळावी, असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. मूल होण्याचा प्रयत्न चालू असतानाच 'इच्छा' वाढवायला अनेक जणी कॅप्सूल सुरू करतात, तेव्हा हे आधी माहीत असलेलं बरं.

दुसरा धोका भेसळीचा. 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या कामोत्तेजक उत्पादनांमध्ये पुरुषांच्या औषधातलं सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल गुपचूप मिसळल्याचं अमेरिकेच्या नियामकाला वारंवार आढळलं आहे. २०२२ मध्ये तर मधाच्या पुड्यांमध्येही ते सापडलं. छातीच्या दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याच्या पोटात हे गेलं तर रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतो.

घरगुती उपायांतलं खोबरेल तेल कोरडेपणावर अनेकींना उपयोगी पडतं. फक्त तेलामुळे लॅटेक्सचा कंडोम कमकुवत होऊन फाटू शकतो, हे आवर्जून सांगायला हवं. कंडोम वापरणाऱ्यांसाठी औषधाच्या दुकानात मिळणारं पाण्यावर आधारित वंगण बरं.

जाहिरातवाले थेट का बोलत नाहीत?

'औषधे आणि जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा' १९५४ सालचा आहे. लैंगिक सुखाची क्षमता टिकवण्यासाठी किंवा वाढवण्यासाठी अमुक औषध घ्या, अशी जाहिरात करायलाच त्यात मनाई आहे. दावा खरा की खोटा, हा मुद्दाच नाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास कैद वर्षापर्यंत. म्हणून मग 'मूड' आणि 'एनर्जी'.

आयुर्वेदिक, सिद्ध आणि युनानी औषधांसाठी आणखी एक कुंपण होतं. २०१८ मध्ये औषध नियमावलीत आलेल्या नियम १७० प्रमाणे अशा औषधांची जाहिरात करण्याआधी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याची मंजुरी लागायची. ऑगस्ट २०२३ मध्ये आयुष मंत्रालयाने राज्यांना या नियमाखाली कारवाई करू नका असं कळवलं आणि १ जुलै २०२४ च्या अधिसूचनेने नियमच वगळला. पतंजलीच्या जाहिरातींवरून सर्वोच्च न्यायालयात गाजलेल्या प्रकरणात त्या अधिसूचनेला २७ ऑगस्ट २०२४ रोजी स्थगिती मिळाली. पण ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ते प्रकरण बंद केलं आणि स्थगितीही उठली. म्हणजे १९५४ चा कायदा कागदावर आहे, पण जाहिरात प्रसिद्ध होण्याआधी ती कुणी तपासेल ही सोय गेली. रीलमधली जाहिरात क्षणात नजरेआड होते. तिच्या मागे तक्रार घेऊन धावणार कोण?

यातली बरीच उत्पादनं औषध म्हणून विकलीही जात नाहीत. ती 'पूरक आहार' असतात, म्हणजे खाद्यपदार्थ. डबीवर असतो तो अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ आकडी परवाना क्रमांक. ग्राहकाला तो सरकारी शिक्का वाटतो. प्रत्यक्षात उत्पादकाला अन्न बनवण्याची, विकण्याची परवानगी आहे एवढाच त्याचा अर्थ. त्या कॅप्सूलने काय होतं, याची परीक्षा त्या क्रमांकासाठी झालेली नसते.

थोडं विषयांतर, पण इथे र. धों. कर्वे आठवतात. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून ते वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ मराठीत उत्तरं देत होते, स्त्रीलाही कामसुखाचा हक्क आहे असं लिहीत होते. या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तो लढवायला १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. आज असे प्रश्न विचारायची जागा इन्स्टाग्रामचा इनबॉक्स आहे, आणि उत्तर देणारा बहुतेक वेळा डिस्काउंट कोडही देतो.

डबीबाहेरचे उपाय

ज्या 'नैसर्गिक' गोष्टींमागे काही अभ्यास आहे, त्यांतल्या बऱ्याच विकता येत नाहीत. झोप ही पहिली. अमेरिकेत १७१ तरुणींच्या रोजच्या नोंदींवर आधारलेल्या २०१५ च्या अभ्यासात, रात्री तासभर जास्त झोप मिळाली की दुसऱ्या दिवशी जोडीदाराशी संबंध येण्याची शक्यता १४ टक्क्यांनी वाढत होती. नैराश्याच्या गोळ्या घेणाऱ्या ५२ महिलांच्या एका अभ्यासात संबंधांच्या आधी अर्धा तास व्यायाम केल्याने फायदा दिसला. व्हँकुव्हरच्या मानसशास्त्रज्ञ लोरी ब्रॉटो गेली अनेक वर्षं अशा महिलांना लक्ष वर्तमानात, शरीराच्या संवेदनांवर आणण्याचं प्रशिक्षण देतात. २०२१ मध्ये त्यांनी याची तुलना लैंगिक शिक्षण आणि गटातल्या गप्पांशी केली, तेव्हा दोन्ही गटांत सुधारणा झाली. एकमेकींशी मोकळेपणाने बोलणं हाही उपचार ठरला.

आता ही झोप आणि हा निवांतपणा आणायचा कुठून? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरची बिनपगारी कामं करणाऱ्या महिला त्यांवर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात असं दिसलं. पुरुषांची ८८. घरकामाची वाटणी आणि कामेच्छा यांचा संबंध शोधणारा एक अभ्यास २०२२ मध्ये आला. पुरुष जोडीदार आणि मुलं असलेल्या हजाराहून जास्त महिलांच्या दोन सर्वेक्षणांत, घरकामाचा भार जिच्यावर जास्त, तिची जोडीदाराबद्दलची इच्छा कमी असं आढळलं. ही वाटणी अन्यायाची वाटणं आणि नवरा हे आपल्यावर अवलंबून असलेलं आणखी एक मूल वाटणं, असा दुवा संशोधकांनी त्यात दाखवला. मराठी घरांत 'माझी दोन मुलं, एक हा आणि एक हे' हा विनोद कितीदा होतो, ते आठवून पाहावं.

आणि शरीरातली साधी कारणं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के महिलांमध्ये रक्ताची कमतरता आहे, महाराष्ट्रात सुमारे ५४ टक्के. जिना चढताना धाप लागणाऱ्या बाईची इच्छा कमी असण्याचं कारण शोधायला पेरूच्या डोंगरात जायची गरज नसते. थायरॉईड, मधुमेह, नैराश्य, प्रोलॅक्टिन वाढणं, बाळाला अंगावर पाजण्याचे महिने, पाळी जाण्याचा काळ, रक्तदाबाच्या आणि नैराश्याच्या काही गोळ्या, काहींच्या बाबतीत गर्भनिरोधक गोळ्या, यांतलं प्रत्येक कारण इच्छेवर किंवा ओलाव्यावर परिणाम करू शकतं. संबंधांच्या वेळी दुखत असेल तर मन मागे सरणं हा शरीराचा शहाणपणा आहे. अशा वेळी इच्छेवर नव्हे, दुखण्यावर उपचार लागतात. पाळी गेल्यानंतरच्या कोरडेपणावर डॉक्टरांच्या सल्ल्याने योनीमार्गात लावायचं इस्ट्रोजेनचं मलम उपलब्ध आहे आणि ते स्वस्त कॅप्सूलपेक्षा कितीतरी खात्रीचं आहे. मारहाण, जबरदस्ती, अपमान असलेल्या घरात तर इच्छा नसणं हा आजारच नव्हे.

डॉक्टरकडे गेल्यावर हा विषय काढायचा कसा, ही अडचण खरी आहे, कारण पाळीची तारीख विचारणारे डॉक्टर याबद्दल स्वतःहून क्वचितच विचारतात. स्त्रीरोगतज्ज्ञाला 'पूर्वीसारखं वाटत नाही आणि मला त्याचा त्रास होतोय' एवढं एक वाक्य पुरेसं असतं. कधीपासून, दुखतं का, झोप किती, हे प्रश्न त्यांच्याकडून यायला हवेत. सोबत चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं न्यावीत, आणि अश्वगंधेची डबी असेल तर तीही पिशवीतून बाहेर काढून टेबलावर ठेवावी. नैराश्याच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या मात्र शंका आली म्हणून घरीच बंद करू नयेत. बऱ्याचदा त्यांना पर्याय असतो किंवा डोस बदलता येतो, पण तो डॉक्टरांनीच बदलायचा.